साडेतीन शक्तिपीठे एकाच फेरीत, गाडीने, आई-बाबांना घेऊन: आखणी तपासून द्याल का?

रानजाई
नमस्कार मंडळी. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि सप्तशृंगी गड, चारही ठिकाणी एकाच फेरीत जाऊन ओटी भरायची, असं आईच्या मनात फार वर्षांपासून आहे. चार खण तिने कधीच घेऊन ठेवलेत. तुळजाभवानी आमची कुलस्वामिनी, म्हणून तिथे अभिषेकही करायचा आहे. आई ७१ वर्षांची, बाबा ७६. आईचा उजवा गुडघा दुखतो, पण ती चालते. सोबत मी, नवरा आणि अकरा वर्षांची लेक. गाडी आम्ही दोघंही चालवतो. निघायचं पुण्याहून.

मी आखलेले चार दिवस असे:
पहिला दिवस: पुणे ते कोल्हापूर, दर्शन, मुक्काम.
दुसरा: कोल्हापूर ते तुळजापूर, अभिषेक, रात्रीपर्यंत नांदेड.
तिसरा: माहूरचं दर्शन, मग समृद्धी महामार्गाने शिर्डी.
चौथा: सप्तशृंगी गड, रात्री पुणे.

नवरात्रात प्रचंड गर्दी असते म्हणून त्याच्या आधीचा आठवडा धरलाय. काय चुकतंय ते मोकळेपणाने सांगा.

घाटवाटा
ताई, आधी नुसते किलोमीटर मांडू. पुणे-कोल्हापूर २३०. कोल्हापूर ते सोलापूर सांगली-मिरज, सांगोला, मंगळवेढा मार्गे साधारण २३५, पुढे तुळजापूर ४५. तुळजापूर-नांदेड सव्वादोनशेच्या आत. नांदेड-माहूर १३०. माहूर ते शिर्डी चारशेच्या वर. शिर्डी ते गड सव्वाशेच्या आसपास. गड ते नाशिक साठ-पासष्ट आणि नाशिक-पुणे २१०. म्हणजे एकूण सोळाशे ते सतराशे.

तुमच्या दुसऱ्या दिवशी जवळपास पाचशे किलोमीटर होतात आणि त्यातच अभिषेक बसवलाय. तिसऱ्या दिवशीही पाचशेच्या वर, शिवाय माहूरच्या पायऱ्या. चालवणारे दोघं असलात तरी मागे बसणाऱ्याचे गुडघे काही बदलून घेता येत नाहीत. आईंना एवढा वेळ पाय दुमडून बसवलंत आणि गाडीतून उतरल्या उतरल्या पायऱ्या चढायला लावल्यात, तर देवीसमोर पोचेपर्यंत त्यांचा जीव मेटाकुटीला येईल. सहा दिवस तरी काढा. सात मिळाले तर उत्तम.

मराठवाडी
किलोमीटरचं घाटवाटांनी सांगितलंच आहे. पण त्याआधी तारीख बदला. हे कळकळीनं सांगतोय.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. नवरात्राआधी, भाद्रपद वद्य अष्टमीला देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निद्रेला जाते, ती घटस्थापनेच्या पहाटे परत सिंहासनावर येते. हीच मंचकी निद्रा. तुम्ही धरलेला आठवडा नेमका हाच आहे. दर्शन बंद नसतं, पण ते निद्रिस्त देवीचं होतं, आणि सिंहासनावर नेहमी होतो तो पंचामृताचा अभिषेक त्या दिवसांत होत नाही. आईंना अभिषेकच करायचा आहे ना?

आमच्या शेजारचं एक कुटुंब दोन वर्षांपूर्वी असंच गर्दी टाळायला म्हणून गेलं. दर्शन शांतपणे झालं, पण आजींनी सोबत नेलेलं पंचामृताचं साहित्य तसंच परत आणलं. आजी वाटभर कुणाशी बोलल्या नाहीत.

रानजाई
हे मला अजिबात माहीत नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, "निद्रा असते एवढं ठाऊक होतं, पण तिथी लक्षात नव्हती." मनापासून आभार. मग दसरा झाल्यावर लगेच निघालो तर? लेकीला तेव्हा सुट्टी मिळू शकते.

मराठवाडी
तेव्हाही नको. दसऱ्याच्या पहाटे देवीचं सीमोल्लंघन होतं. मूर्तीला १०८ साड्यांचं दिंड बांधून पालखीतून मिरवतात. पलंग आणि पालखी अहिल्यानगरकडून येतात. त्यानंतर देवी पुन्हा निद्रेला जाते ती थेट आश्विन पौर्णिमेपर्यंत. ही श्रमनिद्रा. तिसरी निद्रा पौषात, शाकंभरी नवरात्राच्या आधी. या तीन निद्रा पंचांगात बघून बाजूला काढा. उरलेल्या दिवसांतही मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळा.

नाशिककर
कोजागिरीचा विषय निघालाच आहे तर गडाचं सांगतो. आश्विन पौर्णिमेला गडावर कावडी येतात. वेगवेगळ्या नद्यांचं पाणी घेऊन माणसं पायी चालत येतात आणि त्या जलाने देवीला अभिषेक होतो. बघण्यासारखा सोहळा आहे, पण वयस्कर माणसांना घेऊन जायचा दिवस नव्हे. नवरात्रात तर खाजगी गाड्या खाली नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटीने जावं लागतं. दुसरी मोठी यात्रा चैत्रात, रामनवमी ते चैत्र पौर्णिमा. तेव्हा खानदेशातून लोंढेच्या लोंढे पायी येतात.

एरवी गड वयस्कर माणसांना सोपा आहे. नांदुरीपासून दहा किलोमीटरचा घाट चढून गाडी थेट गडावरच्या गावात जाते. तिथून मंदिरापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पण २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू आहे, ती काही मिनिटांत वर सोडते. आईंना पायऱ्यांची चिंता नको.

पंचगंगा
कोल्हापूरबद्दल दोन गोष्टी. अंबाबाईचं देऊळ ऐन जुन्या शहरात आहे, गाडी दारापर्यंत जात नाही. मुक्काम देवळापासून चालत जाता येईल असा घ्या, म्हणजे संध्याकाळी एकदा आणि पहाटे एकदा असं दोनदा जाता येतं. पहाटेचं दर्शन चुकवू नका. काकड आरतीच्या वेळी गाभाऱ्यासमोर उभं राहायला मिळणं आणि दुपारच्या रांगेतून पुढे सरकत जाणं, यांची तुलनाच होत नाही.

दुसरं, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे दिवस. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि आकाश स्वच्छ असेल तर पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग छातीवर, मग मुखावर पडतात. तारखा जुळल्या तर भाग्यच, पण त्या संध्याकाळी गर्दी असणार हे धरून चाला.

वैदर्भी
माहूरकडे बहुतेक मंडळी घाईघाईने उरकण्याचं ठिकाण म्हणून बघतात, कारण ते सगळ्यांत लांब. मला याचं फार वाईट वाटतं. माझं आजोळ पुसदचं, लहानपणापासून रेणुकामातेला जातेय.

माहूरला तीन शिखरं आहेत: रेणुका, दत्त आणि अनसूया. रेणुकेच्या देवळात पूर्ण मूर्ती नाही, मोठा मुखवटा आहे. परशुरामाने मागे वळून पाहिलं आणि माता तेवढीच प्रकट झाली, अशी कथा आजी सांगायची. इथला प्रसाद म्हणजे तांबूल. विड्याची पानं तिथेच खलबत्त्यात कुटतात. आईंना तो जरूर द्या, दात नसलेल्यालाही खाता येतो. पायऱ्या अडीचशेच्या आसपास. दमाने चढायच्या, मध्ये बसायचं. मातृतीर्थ आणि दत्तशिखर करायचं तर अर्धा दिवस हवाच.

तिथीचं म्हणाल तर मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती. त्या दिवशी माहूरला पाय ठेवायला जागा नसते.

आणि अंधार पडल्यावर माहूरच्या रस्त्यावर राहू नका. पैनगंगेकाठचा जंगलाचा पट्टा आहे, वस्ती विरळ. दिवसा हाच रस्ता इतका सुंदर दिसतो की थांबत थांबत जावंसं वाटतं.

रानजाई
वैदर्भी, आता माहूरला रात्र काढायचीच असं ठरवलं. पण नांदेडहून रस्ता कोणता? नकाशा दोन दाखवतोय, एक भोकर-हिमायतनगर-किनवटवरून आणि एक हदगाव-उमरखेडवरून.

वैदर्भी
दुसरा घ्या. तुळजापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ हा सगळा एकच राष्ट्रीय महामार्ग आहे, ३६१. नांदेडनंतर अर्धापूर, हदगाव, उमरखेड, महागाव करत जायचं आणि धनोड्याकडून पैनगंगा ओलांडली की माहूर आलंच. किनवटकडचा रस्ता सहस्रकुंड धबधबा बघायचा असेल तर. तोही पावसाळ्यात.

एक महत्त्वाचं! माहूरहून निघताना गडाजवळचं गाव म्हणून नकाशात नुसतं "वणी" टाकू नका. यवतमाळ जिल्ह्यातही वणी आहे आणि माहूरहून तीच जवळची. आमच्या ओळखीतली गाडी बरंच अंतर उलट्या दिशेला गेली होती. "सप्तशृंगी गड" किंवा "नांदुरी" टाका. मालेगावचंही तेच. समृद्धीवर चढायचं ते वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिक जिल्ह्यातलं नव्हे.

दिंडीवाट
आम्ही दोघे मित्र मोटारसायकलवर हीच यात्रा करणार आहोत. समृद्धीने चालेल का?

घाटवाटा
नाही, दिंडीवाट. समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकीला मनाई आहे. तुम्हाला वाशिमहून मेहकर, सिंदखेडराजा, जालना असा जुना रस्ता धरावा लागेल. एक दिवस जास्त धरा.

रानजाई ताई, तुम्ही समृद्धीने जाल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मोटारीला वेगमर्यादा १२०. रस्ता सरळ, काँक्रीटचा, वळणं नाहीत, गावं नाहीत. यातच धोका आहे. तासाभराने चालवणाऱ्याची नजर जड होते आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. तुम्ही दोघं आहात तर दर दीड तासाने अदलाबदल करा, कंटाळा आला नसला तरी. टायर जुने असतील तर निघण्याआधीच बदला. हवा सकाळी, टायर गार असताना भरा, गाडीच्या दारावरच्या पट्टीवर दिलीय तेवढीच. काँक्रीटवर सलग वेगात टायर खूप तापतात, दुपारी तर फारच. इंधन चढण्याआधीच भरून घ्या आणि खायचं सोबत ठेवा, सोयी अजून लांब लांब आहेत. आणि मागे बसलेल्यांनीही पट्टा लावायचा, आई-बाबांनीसुद्धा. आमच्या बाबांना तो काचायचा, म्हणून खांद्यापाशी मऊ रुमाल गुंडाळला, मग तक्रार राहिली नाही.

पंचगंगा
रस्त्याचा विषय आलाच आहे तर: तुम्ही कार्तिकात निघालात तर ऊस गळीत हंगाम सुरू झालेला असेल. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या सगळ्या पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, एकामागे दोन-दोन जोडलेल्या. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा कितीतरी. अंधारात त्या अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. कोल्हापूर ते तुळजापूर उजेडातच पार करा. माझ्या चुलत भावाची गाडी अशाच ट्रॉलीखाली गेली होती, म्हणून पुन्हा पुन्हा सांगतेय.

आजोळ
तुळजापूर ते नांदेड जाताना अंबाजोगाई आणि परळी करा की! लातूरहून अंबाजोगाई साठ किलोमीटर, तिथून परळी वैजनाथ पंचवीस. आमची कुलदेवी योगेश्वरी, म्हणून आग्रह. वैजनाथ ज्योतिर्लिंगही होईल.

मराठवाडी
आजोळ, तुमची भावना समजते, पण मी नको म्हणेन. चारची सहा ठिकाणं झाली की प्रत्येक ठिकाणी "चला, उशीर होतोय" एवढंच तोंडात राहतं. मग औंढा नागनाथ का सोडायचं, तेही नांदेडच्या वाटेपासून फार लांब नाही. असं वाढतच जातं. रानजाईंच्या आईंनी चार खण घेतलेत, चारच ठिकाणं निवांत होऊ द्या.

आजोळ
पटलं. पुढच्या खेपेला तरी या.

बालाघाट
तुळजापूरला पायऱ्या आधी उतरायच्या असतात. महाद्वारातून खाली, कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थाजवळून देवळात. जाताना त्रास होत नाही म्हणून माणसं बेसावध असतात, आणि दर्शनाच्या रांगेत उभं राहून थकल्यावर तोच चढ परत चढायचा असतो. आईंची काठी "लागणार नाही" म्हणून गाडीत ठेवू नका.

अभिषेकाचं आधी ठरवा. तुळजापूरला घराण्यांचे परंपरेने ठरलेले पुजारी असतात, गाव आणि कुळावरून सापडतात. बाबांना किंवा गावाकडच्या मोठ्यांना विचारा, नाव निघेल. आम्ही एकदा न ठरवता गेलो तर वाहनतळावरच एकाने गाठलं आणि सकाळभर फिरवलं. हाती काही लागलं नाही.

धुळवड
मधे एक प्रश्न. शक्तिपीठ महामार्ग म्हणतात तो याच वाटेने आहे का? तो झाला की हे सगळं सोपं होईल ना?

घाटवाटा
तो वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत मुळात आखला होता, माहूर, तुळजापूर, कोल्हापूर जोडणारा. सप्तशृंगी त्यात नाही. जमिनी जाणार म्हणून शेतकऱ्यांचा, विशेषतः कोल्हापूरकडच्यांचा, मोठा विरोध झालाय, आणि मला तो रास्त वाटतो. ती चर्चा वेगळ्या धाग्यावर करू. आजची यात्रा आजच्या रस्त्यांवर आखायची.

रानजाई
सगळ्यांचं वाचून, आईसोबत पंचांग घेऊन बसले. कार्तिकी एकादशी होऊन गेलेली, दत्तजयंती यायची, असा कार्तिक वद्यातला आठवडा धरला. गुरुवारी निघायचं.

गुरुवार: पुणे-कोल्हापूर, दुपारी विश्रांती, संध्याकाळी दर्शन.
शुक्रवार: काकड आरती, नाश्ता करून निघायचं, उजेडात तुळजापूर.
शनिवार: अभिषेक, ओटी. दुपारनंतर फक्त लातूरपर्यंत.
रविवार: लातूर-नांदेड-माहूर, अंधाराआधी.
सोमवार: रेणुकामाता, जमलं तर दत्तशिखर. रात्री वाशिम.
मंगळवार: समृद्धीने शिर्डीपर्यंत, पुढे येवला, पिंपळगाव बसवंतवरून गड. मुक्काम गडावर.
बुधवार: दर्शन, नाशिकवरून पुणे.

बाबांनी गावी फोन करून पुजाऱ्यांचं नाव काढलं. त्यांच्या वहीत माझ्या पणजोबांची नोंद सापडली!

बालाघाट
अगदी योग्य. शुक्रवारी संध्याकाळी तुळजापूरला पोचाल तेव्हा गर्दी असेल, त्या दिवशी दर्शनाचा हट्ट नको. फार तर मुखदर्शन घ्या आणि आईंना लवकर झोपवा.

नाशिककर
गडावर ट्रस्टचं भक्तनिवास आहे, आधी नोंदणी करा. थंडीचे कपडे घ्या, कार्तिकात वर गारठा असतो. आणि देवीचं रूप आईंनी पूर्वी पाहिलं असेल त्याहून वेगळं दिसेल हे आधीच सांगून ठेवा. २०२२ मध्ये शेंदराचा जुना थर काढला तेव्हा मूळ स्वरूप दिसायला लागलं. माझ्या आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती काही वेळ नुसतीच बघत राहिली.

रानजाई
काल रात्री परत आलो. आधी कोरडी माहिती देते, पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून.

कोल्हापूर-तुळजापूरला थांबत थांबत साडेसात तास लागले. उसाच्या ट्रॉल्या दिवसाही भरपूर होत्या. पंचगंगाताई, तुमची आठवण सारखी येत होती. लातूरचा मुक्काम हा आखणीतला सगळ्यांत चांगला निर्णय. अभिषेकानंतर आई इतकी भारावली होती की तिला तासनतास गाडीत बसवणं क्रूरपणा झाला असता. वर येताना ती सहा वेळा बसली. काठी होती.

माहूरला दत्तशिखर झालं नाही. रेणुकेच्या पायऱ्या चढून झाल्यावर बाबांना दम लागला, मग आम्ही देवळातच दोन तास बसलो. लेक तांबूल कुटणाऱ्या मावशींजवळून हलेना. वैदर्भी, घाई केली नाही, तुमच्यासाठी नमस्कार सांगितला.

समृद्धीवर नवऱ्याची नजर जड झाल्याचं त्याच्या आधी मला दिसलं. दीड तासाचा नियम आम्ही मोडला होता, दोन तास होऊन गेले होते. पुढच्या थांब्यावर अदलाबदल केली आणि मग शिर्डीपर्यंत घड्याळ लावून चालवलं. मार्ग बदलायचा असेल त्यांनी मंगळवारचा दिवस फोडून जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला एक रात्र घालावी. आमच्या आखणीत तेवढा एकच दिवस जड गेला.

गडावर ट्रॉलीने वर गेलो. सप्तशृंगीचं ते रूप, अठरा हात, किंचित कललेली मान. आई म्हणाली, "ऐकतेय बघ ती." समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणतात ती ऐकायला, अशी श्रद्धा आहे हे मला तिथे कळलं. चौथी ओटी भरली.

आणि आजोळ, हे तुमच्यासाठी. घरी पिशवी रिकामी करताना एक खण निघाला. आईने तो लातूरच्या बाजारात घेतला होता, आम्हाला न सांगता. अंबाजोगाईचा. तिने तो देवघरात ठेवलाय आणि पुण्याहून थेट किती तास लागतील हे मला तुम्हाला विचारायला सांगितलंय.

आजोळ
वाचून डोळे भरून आले. साधारण तीनशे किलोमीटर आहे. आईंना सांगा, परळी धरून दोन मुक्काम ठेवा, आणि योगेश्वरीची तिथी मी पंचांगात बघून उद्या लिहिते.